आकाश दाखवणारी आणि नोंदवणारी माणसे

महाराष्ट्रात हौशी खगोलनिरीक्षणाला संघटित रूप मिळाले ते पुण्यात १९४४ साली स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेमुळे, आणि देशातील सर्वांत जुन्या हौशी खगोलसंस्थांमध्ये आजही तिची गणना होते. पुढे हॅलेच्या धूमकेतूच्या आगमनाने आकाशाविषयीचे कुतूहल घरोघरी पोचले, त्याच सुमारास १९८५ मध्ये मुंबईत खगोल मंडळ उभे राहिले, आणि त्यानंतर अनेक शहरांत लहानमोठी मंडळे निघाली. गोव्यात असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी ही संस्था पणजीत सर्वसामान्यांसाठी आकाशदर्शनाची सोय करते. या संस्था चालवणारी माणसे शिक्षक, बँक कर्मचारी, अभियंते, गृहिणी आणि महाविद्यालयीन विद्यार्थी असतात. दिवसभराचे काम आटोपून ती आपली रात्र विनामोबदला या कामाला देतात.

मंडळाचा लोकांना परिचित असलेला उपक्रम म्हणजे रात्रभराचे आकाशदर्शन. चंद्रप्रकाशात अंधुक तारे लोपतात, म्हणून अमावास्येच्या आसपासचा शनिवार निवडला जातो, आणि पावसाळ्यात आकाश झाकलेले असल्याने हा हंगाम साधारणपणे दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. मुंबईच्या खगोल मंडळाने अशा कार्यक्रमांसाठी कर्जत मार्गावरील वांगणी हे गाव पूर्वीपासून जवळ केले. स्वयंसेवक सूर्यास्तापूर्वीच जागेवर पोचतात, दुर्बिणी जोडतात, आणि ज्या दुर्बिणींची बैठक पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवावी लागते त्यांचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे वळवतात. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी असते, त्यामुळे वांगणीला तो सुमारे १९ अंशांवर दिसतो. अंधाराला डोळे सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या एका झळाळीने हा सराव मोडतो. म्हणून विजेऱ्यांवर लाल कागद लावला जातो आणि या नियमाबाबत स्वयंसेवक कोणाचीही भीड बाळगत नाहीत.

दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्या स्वयंसेवकाचे काम वाटते त्याहून अवघड असते. शनीची कडी पाहून आलेला माणूस हरखून जातो, पण त्यानंतर देवयानी दीर्घिका, म्हणजे सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे अंतरावरील अब्जावधी ताऱ्यांचा समूह, दाखवला की त्याला केवळ राखाडी धुरकट ठिपका दिसतो, कारण रंगीत छायाचित्रांनी त्याची अपेक्षा वाढवून ठेवलेली असते. मंद प्रकाशात डोळ्यांतील रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी निष्क्रिय राहतात आणि केवळ उजेड-अंधार जाणणाऱ्या दंडपेशी काम करतात. या दंडपेशी दृष्टिपटलाच्या मध्यापासून दूर अधिक असल्याने अंधुक वस्तूकडे थेट न पाहता तिच्या किंचित बाजूला पाहिले, तर ती अधिक स्पष्ट होते. ही तिरप्या नजरेची रीत रांगेतल्या प्रत्येकाला, मागच्यांची अधीरता सांभाळत, न कंटाळता पुन्हा पुन्हा समजावणे हेच खरे लोकशिक्षण आहे.

आकाश दाखवणे हे मात्र मंडळाचे निम्मेच काम होय. उरलेले निम्मे नोंदीचे आहे, आणि जे मंडळ नोंदी ठेवत नाही त्याच्याकडे माणसे असूनही त्यांच्या श्रमाचे विज्ञानात फारसे काही उरत नाही. उल्कावर्षावाचे उदाहरण घेता येईल. दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतून उल्का फेकल्या जात असल्याचा भास होतो. ३२०० फेथॉन या लघुग्रहाने मागे सोडलेल्या कणांच्या पट्ट्यातून पृथ्वी जात असताना ते कण वातावरणात शिरतात आणि प्रकाशाची रेघ उमटते. या रात्री स्वयंसेवक वेगवेगळ्या दिशांना तोंड करून सतरंजीवर पडून राहतात, आणि प्रत्येक उल्केची वेळ, तिची प्रत म्हणजे तेजस्वितेचे माप, तसेच ती मिथुनेतून आली की भटकी होती हे टिपतात; शिवाय त्या वेळी नुसत्या डोळ्यांनी दिसणारा सर्वांत अंधुक तारा किती प्रतीचा होता, तेही लिहितात. या शेवटच्या नोंदीवाचून दोन ठिकाणच्या मोजण्यांची तुलना होऊ शकत नाही, कारण शहराच्या उजेडात मोजलेल्या वीस उल्का आणि माळरानावर मोजलेल्या वीस उल्का एकसारख्या नसतात. अशा नोंदी जगभरातून इंटरनॅशनल मीटिअर ऑर्गनायझेशनकडे जमा होतात.

रूपविकारी ताऱ्यांची, म्हणजे ज्यांचे तेज कमीजास्त होते अशा ताऱ्यांची, निरीक्षणे तर हौशी मंडळींच्या चिकाटीवरच मोठ्या प्रमाणात उभी आहेत. मृग नक्षत्रातील काक्षी हा तांबूस तारा २०१९ च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२० पर्यंत इतका मंदावला की आकाशाशी परिचय असलेल्या कोणालाही ते नुसत्या डोळ्यांनी कळत होते. रोहिणीसारख्या ठरावीक प्रतीच्या ताऱ्यांशी त्याची तुलना करून कागदावर अंदाज नोंदवणे एवढेच यासाठी पुरेसे असते. अविभाजित बंगालमधील जेसोर येथे सरकारी खजिन्यात नोकरी करणारे राधागोविंद चंद्र यांनी रूपविकारी ताऱ्यांची ३७ हजारांहून अधिक निरीक्षणे अमेरिकेतील एएव्हीएसओ या संस्थेला पाठवली, आणि त्या संस्थेने त्यांच्या कामाची कदर करून त्यांना सहा इंची दुर्बीण वापरण्यास दिली. एका कारकुनाने नोकरी सांभाळून केलेले हे काम प्रत्येक मंडळाच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगे आहे.

दुर्बीण घडवणे ही या क्षेत्रातील आणखी एक जुनी परंपरा. सारख्या आकाराच्या दोन काचचकत्या एकमेकींवर ठेवून मध्ये कार्बोरंडमची पूड व पाणी घालून घासत राहिले की वरची चकती अंतर्वक्र होत जाते, आणि पुढे डांबरासारख्या पदार्थाच्या थरावर सिरियम ऑक्साइडने चकाकी आणून तिचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या काही अंशाइतका अचूक करता येतो. आठवडेच्या आठवडे हाताने आरसा घासलेल्या विद्यार्थ्याला प्रकाशशास्त्र जितके कळते, तितके ते पाठ्यपुस्तकातून क्वचितच कळते.

ग्रहणांच्या वेळी स्वयंसेवकांवर विशेष जबाबदारी येते. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिल्यास दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते, म्हणून प्रमाणित चष्मे देणे किंवा सूर्याची प्रतिमा पडद्यावर पाडून दाखवणे ही कामे ते करतात, आणि त्याच वेळी गर्भवती स्त्रियांनी घराबाहेर पडू नये, अन्न टाकून द्यावे यांसारख्या समजुतींना आधार नसल्याचे संयमाने सांगतात. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे मध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशी नाहीशी होण्याचा दिवस, पुण्या-मुंबईत मेच्या मध्यास येतो. तो दाखवायला एक सरळ काठी पुरते.

या साऱ्या कामापुढचे मोठे संकट प्रकाशप्रदूषणाचे आहे. शहरे पसरत गेली तसे दिवेही पसरले, आणि मंडळांना काळोख शोधत अधिकाधिक दूर जावे लागते. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, ही समाधानाची गोष्ट असली तरी अशा जागा आणखी हव्यात, आणि दिव्यांना वरून झाकण लावून उजेड जमिनीकडेच वळवण्याचा आग्रह नगरपालिकांकडे स्थानिक मंडळांनीच धरला पाहिजे.

२ ऑगस्ट २०२७ रोजी आफ्रिकेच्या उत्तर भागातून खग्रास सूर्यग्रहण दिसेल, तर पश्चिम भारतात तेच ग्रहण दुपारी उशिरा, ढगांनी साथ दिल्यास, खंडग्रास दिसेल. त्या दुपारी शाळांच्या गच्च्यांवर आणि मैदानांवर चष्मे वाटायला, रांगा लावायला आणि शंकांना उत्तरे द्यायला पुष्कळ माणसे लागतील. ज्यांना या कामात हातभार लावायचा आहे त्यांनी आपल्या गावच्या मंडळात आतापासून जायला लागावे. त्यासाठी स्वतःची दुर्बीण असण्याची गरज नाही.