सुनेला म्हणजे पुष्कराज नव्हे

वस्तीतल्या लोकांचे अर्ज आणि पावत्या पाहताना अधूनमधून एखादी अंगठीही आमच्या टेबलावर येते. मुलीचे लग्न जमावे म्हणून कुणीतरी 'गुरूचा खडा' घालायला सांगितलेला असतो. महिन्याचा पगार मोजून आणलेला हा 'पुष्कराज' कधी कधी सुनेला निघतो. खड्याने लग्न जमत नाही हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पण फसवणुकीचा हिशेब मात्र समजून घेतला पाहिजे.

सुनेला, म्हणजे सिट्रीन, हा पिवळा स्फटिक. वाळूत असते तीच सिलिका त्यात असते, आणि किंचित लोहामुळे त्याला रंग येतो. निसर्गात तो सहसा फिकट पिवळा आणि क्वचितच सापडतो. बाजारातला गडद, नारिंगी झाक असलेला माल बहुतेक जांभळा ॲमेथिस्ट तापवून केलेला असतो. ब्राझीलमधून असा माल पुष्कळ येतो. तसे सांगून विकला तर त्यात गैर काही नाही. गैर आहे ते पुष्कराजाच्या नावाने आणि भावाने विकणे.

पुष्कराज म्हणून विकला जाणारा पिवळा नीलम वेगळाच. त्याचे काठिण्य ९, सुनेल्याचे ७. नीलम पाण्याच्या चौपट जड, सुनेला २.६५ पट. म्हणून ५ कॅरटचा (१ ग्रॅमचा) सुटा खडा पाण्यात बुडवून तोलला, तर नीलमाचे वजन सव्वा कॅरटने घटते, सुनेल्याचे जवळजवळ १.९ कॅरटने. आमच्यासारख्या कारकुनालाही जमेल असा हा भागाकार! तरी खात्री करायची तर प्रयोगशाळेचे प्रमाणपत्रच हवे. पावतीवर खड्याचे नाव आणि वजन लिहून घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि तिथे तोंडी शब्दापेक्षा कागद उपयोगी पडतो.

केवळ हौसेने घातलेला सुनेला सांभाळणे सोपे आहे. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ ब्रश. मग सुती फडक्याने टिपावा. कोरडा पुसू नये, कारण धुळीतही सिलिकेचे कण असतात आणि त्याने चकाकी मंदावते. जास्त उष्णतेने आणि दीर्घकाळच्या कडक उन्हाने काही खड्यांचा रंग उतरतो. स्वयंपाक करताना आणि भांडी घासताना अंगठी काढून ठेवावी, तीही वेगळ्या कापडी पुरचुंडीत.