उत्तरेकडील महासागरांतील मत्स्यसंपत्ती व संशोधनाची आखणी

शेतातील उभ्या पिकाचा अंदाज घ्यावयाचा असता निवडक शेतांत ठराविक मापाचे तुकडे आखून पीककापणी प्रयोग केले जातात. पीक डोळ्यांसमोर असते, शेताची हद्द ठरलेली असते. तरीही केवळ नजरअंदाजावर विसंबून चालत नाही. समुद्रातील मासळी तर दृष्टीस पडत नाही, एका जागी राहत नाही आणि कोणत्याही देशाची हद्द जाणत नाही. ती किती आहे आणि त्यातील किती काढली असता बियाण्यापुरती शिल्लक राहील, हे ठरविण्यासाठी उत्तर अटलांटिक व उत्तर ध्रुवाजवळील समुद्रांत सव्वाशे वर्षे संशोधन चालू आहे. हे संशोधन कसे आखले गेले आणि त्याच्या यशापयशाचा कोळी बांधवांच्या जीवनावर काय परिणाम झाला, हे जाणून घेणे उद्बोधक आहे.

संशोधनाचा पाया

१८८३ साली लंडन येथे भरलेल्या मत्स्यप्रदर्शनात थॉमस हक्सले या विख्यात शास्त्रज्ञाने समुद्रातील मोठी मासेमारी बहुधा कधीच न संपणारी आहे, असे मत मांडले होते. परंतु वाफेवर चालणारी ट्रॉलर जहाजे वाढू लागली, तशी या मताविषयी शंका निर्माण झाली. १९०२ साली युरोपातील आठ देशांनी एकत्र येऊन कोपनहेगन येथे समुद्रसंशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन केली. एकाच समुद्रात मासेमारी करणाऱ्या देशांनी एकाच पद्धतीने मोजमाप करावे, ठरलेल्या हंगामात पाण्याचे तापमान व क्षारता नोंदवावी आणि पकडलेल्या मासळीचा हिशेब एकत्र मांडावा, हा तिचा हेतू होता.

या कार्यात नॉर्वेचे शास्त्रज्ञ योहान यॉर्ट यांनी मोलाची भर घातली. बैलाचे वय ज्याप्रमाणे दातांवरून ओळखतात, त्याप्रमाणे हेरिंग माशाचे वय त्याच्या खवल्यांवरील वलयांवरून सांगता येते. थंडीत माशाची वाढ मंदावते, उन्हाळ्यात ती जोमाने होते आणि दरवर्षी एक वलय उमटते. कॉड माशाच्या कानातील लहान खड्यावरही अशीच वलये असतात. यॉर्ट यांना असे आढळून आले की, १९०४ साली जन्मलेली हेरिंग पुढे अनेक वर्षे नॉर्वेच्या किनाऱ्यावरील मासळीत बहुसंख्येने सापडत राहिली. १९१४ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मासळीचे चढउतार मुख्यतः एखाद्या वर्षी किती पिल्ले जगली यावर अवलंबून असतात, हे त्यावरून स्पष्ट झाले. तेव्हापासून केवळ वजनाची नोंद न करता मासळीच्या वयाची नोंद ठेवणे हा संशोधनाचा मुख्य भाग बनला.

न्यूफाउंडलंडचा धडा

कॅनडाच्या पूर्वेस न्यूफाउंडलंडलगतचा समुद्र कॉडसाठी जगप्रसिद्ध होता. अनेक शतके तेथील खेड्यांचा संसार याच माशावर चालला. १९६८ साली येथील उत्तरी कॉडची पकड सुमारे ८ लाख टनांपर्यंत पोहोचली. ही बहुतांश मासळी परदेशांच्या मोठ्या जहाजांनी नेली. १९७७ साली कॅनडाने २०० मैलांपर्यंतचे क्षेत्र आपल्या अधिकाराखाली घेतले व आता मासळी वाढेल अशी आशा निर्माण झाली.

तथापि पुढील दशकात मासळीच्या साठ्याचे अंदाज प्रत्यक्षापेक्षा बरेच अधिक धरले गेले. मोठ्या ट्रॉलरांना भरपूर मासळी मिळत होती, यावरून साठाही भरपूर आहे, असे गृहीत धरले गेले. वस्तुतः उरलेली मासळी थोड्या जागी एकवटली होती आणि जहाजांची यंत्रे ती अचूक शोधून काढीत होती. विहिरीचे पाणी तळाला गेले तरी शक्तिशाली पंप शेवटपर्यंत धार देतो, तसाच हा प्रकार होता. किनाऱ्याजवळ लहान होड्यांतून मासेमारी करणाऱ्यांनी मासा कमी व लहान मिळत असल्याची तक्रार वारंवार केली. परंतु तिला वेळीच पुरेसे महत्त्व दिले गेले नाही.

२ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारला या कॉडची मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला व अनेक कुटुंबे गावे सोडून गेली. प्रारंभी दोन वर्षांसाठी घातलेली ही बंदी २०२४ साली उठविण्यात आली; तेव्हा पहिल्या वर्षासाठी १८ हजार टनांचीच मर्यादा ठेवण्यात आली.

बॅरेंट्‌स समुद्रातील संयुक्त योजना

नॉर्वे व रशिया यांच्या उत्तरेस असलेल्या बॅरेंट्‌स समुद्रातही कॉड हाच प्रमुख मासा आहे. तो अंडी घालण्यासाठी नॉर्वेच्या किनाऱ्याकडे येतो आणि त्याची पिल्ले पूर्वेकडे दूरवर पसरतात. त्यामुळे एकट्या देशाने केलेला हिशेब अपुरा ठरतो. दोन्ही देशांचे राजकीय संबंध ताणलेले असतानाही १९७६ पासून त्यांचा संयुक्त मत्स्य आयोग काम करू लागला.

येथेही संकट आलेच. १९८० नंतरच्या दशकात कॅपेलिन हा लहान मासा एकाएकी घटला. कॉड, सागरी पक्षी व सील या सर्वांचे ते अन्न. कॉड उपाशी राहिला, पक्षी मोठ्या संख्येने मेले आणि भुकेलेली सील जनावरे नॉर्वेच्या किनाऱ्यावर येऊन जाळ्यांत अडकू लागली. एका माशाचा हिशेब वेगळा ठेवून भागत नाही, हे या अनुभवाने पटले. कॉडच्या पोटात कोणते अन्न सापडते याची पद्धतशीर नोंद सुरू झाली व कॉडचा वाटा बाजूस काढून मगच कॅपेलिनची मर्यादा ठरविण्याची रीत पडली. २००४ पासून दोन्ही देशांची जहाजे पाणी, प्लवक, मासे, पक्षी व समुद्रतळावरील जीव या सर्वांची पाहणी एकत्रितपणे करू लागली.

२०१३ साली येथील कॉडची मर्यादा १० लाख टनांपर्यंत नेता आली. पुढे साठा घटू लागताच ती क्रमाने उतरविण्यात आली व २०२५ साठी ३ लाख ४० हजार टन ठरली. मर्यादा घटली की मच्छीमारांचे उत्पन्न घटते. परंतु वेळीच सोसलेली ही तूट न्यूफाउंडलंडच्या संपूर्ण बंदीहून निश्चितच हलकी होय.

मासेमारीपूर्वी संशोधन

उत्तर ध्रुवाभोवतालचे बर्फ उन्हाळ्यात पूर्वीपेक्षा अधिक वितळत असल्याने तेथील पाणीही जहाजांना खुले होऊ लागले आहे. यासाठी नऊ देश व युरोपीय संघ यांनी २०१८ साली करार केला. तो २०२१ साली अमलात आला. सुमारे २८ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रात निदान १६ वर्षे व्यापारी मासेमारी सुरू न करता आधी संयुक्त संशोधन करावे, असे त्यात ठरले आहे. पेरणीपूर्वी मातीची परीक्षा करावी, तसाच हा दूरदर्शी विचार आहे.

नोंदीचे महत्त्व

भारतात १९४७ साली स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था बंदरांवर उतरणाऱ्या मासळीची जातवार नोंद घेते. कोकणच्या बंदरावर मासळीचे माप घेणारा कर्मचारी दिसल्यास, तो करवसुलीसाठी आला आहे असा गैरसमज कोळी बांधवांनी करून घेऊ नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या नोंदीचा उद्देश त्यांना समजावून द्यावा. आणि मासा लहान मिळू लागला, नेहमीच्या जागी मिळेनासा झाला, अशा त्यांच्या तक्रारी टिपून संबंधितांपर्यंत पोहोचवाव्यात. न्यूफाउंडलंडच्या लहान होड्यांतून संकटाची पहिली सूचना आली होती, ही गोष्ट या कामी सदैव ध्यानात ठेवण्यासारखी आहे.