पोटभर जेवणाचे गणित

पंगतीत बसलेल्या माणसाला आपण किती खाणार याची चिंता स्वतः करावी लागत नाही. ती वाढणारा करतो. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आपापल्या जागी येतात, भाताची मूद पडते, मग आग्रह होतो, नकार होतो, पुन्हा आग्रह होतो आणि यजमान व पाहुणा यांच्या या गोड झटापटीत जेवण पार पडते. परंतु जेथे वाढणारा नाही व आग्रह करणाराही नाही, एकदा ठरावीक दाम मोजले की साठ-सत्तर पदार्थांतून हवे ते, हवे तितके आपल्याच हाताने घ्यावयाचे, तेथे माणूस कसा वागतो? गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ओहायो राज्यात आमच्या भाच्याकडे राहण्याचा योग आला, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर आम्हांस मिळाले. आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर ते आमच्या लौकिकात भर घालणारे नव्हते.

भाचा आम्हांस गावाबाहेरच्या एका चिनी उपाहारगृहात घेऊन गेला. बाहेरून ते एखाद्या वखारीसारखे दिसत होते. आत मात्र लांबच लांब टेबले, त्यांवर काचेच्या छपराखाली चकचकीत पोलादी भांडी आणि भांड्यांतून वाफाळणारे अन्न! दुपारच्या जेवणास माणशी तेरा डॉलर. लहान मुलांस वयानुसार कमी. तळलेला भात, नूडल्स, कोबीचे सारण भरलेल्या वळकट्या, ब्रोकोली, फरसबी, टोफू, कोंबडीचे नाना प्रकार, झिंगे, आंबट-तिखट सार, कलिंगडाच्या फोडी आणि शेवटी आइस्क्रीमसुद्धा.

"मामा, येथे पैसे वसूल केले पाहिजेत," भाचा हसत म्हणाला.

आम्ही ते शब्द फारच मनावर घेतले. पहिल्याच फेरीत ताटली शिगोशीग भरली, दुसऱ्या फेरीत आणखी एक. शाकाहारी म्हणून निवडलेल्या एका भाजीला माशांच्या रसाचा वास आला, तो पदार्थ बाजूला सारला. भाताने पोट भरले, नूडल्स तशाच राहिल्या. अखेर दुसरी ताटली निम्म्याहून अधिक भरलेली सोडून आम्ही हात पुसले. चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी ती उचलावयास आली. कोपऱ्यातील टेबलावर तिची गणिताची वही उघडी होती. मधूनमधून ती उठे, ताटल्या गोळा करी आणि पुन्हा वहीपाशी जाऊन बसे. ती काही बोलली नाही. मात्र दारापाशी तिच्या वडिलांनी मोडक्या इंग्रजीत आम्हांस विचारले, "जेवण चांगले नव्हते का?"

आम्ही टाकलेल्या अन्नाचा दोष त्या गृहस्थाने आपल्या हाताकडे घेतला होता! या प्रश्नाने आम्ही इतके ओशाळलो की त्या जेवणामागे काय आहे, हे जाणून घेतल्यावाचून चैन पडेना. जे समजले ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवतो.

प्रथम गणित पाहू. कितीही खा, दाम एकच, असे म्हणणारा दुकानदार बुडत कसा नाही? कारण तो एका माणसाचा हिशेब करीत नाही, शंभरांचा करतो. एखादा तरणाबांड गडी चार ताटल्या फस्त करील; पण त्याच्याच टेबलावरील आजी एका ताटलीत तृप्त होते आणि नात आइस्क्रीमपलीकडे जात नाही. दाम ठरतो तो या सर्वांच्या सरासरीवर. दुसरी गोष्ट मांडणीची. स्वस्त व पोट भरणारे भात, नूडल्स आणि तळणीचे पदार्थ बहुधा आरंभी असतात, महागडे पदार्थ पुढे किंवा लहान भांड्यांत. भुकेला माणूस पहिल्या चार भांड्यांतच ताटली भरून टाकतो. आमचे तसेच झाले. तिसरी गोष्ट अशी की, वाढपी नसल्यामुळे थोड्या माणसांत काम भागते आणि एकाच वेळी पुष्कळ रांधल्याने जिन्नस घाऊक दराने पडतात. शीतपेयांचे पैसे बहुधा निराळे असतात व त्यांत नफा चांगला असतो. इतके करूनही ताटलीमागे उरते ते थोडेच. म्हणून टाकलेल्या अन्नाचा फटका थेट मालकाला बसतो. खाल्लेल्या अन्नाने निदान गिऱ्हाईक संतुष्ट होते. टाकलेल्याने कोणीच नाही.

त्या टेबलाची रचनाही पाहण्याजोगी असते. पोलादी भांड्यांखाली पाणी तापवलेले असते आणि त्याच्या वाफेने अन्न गरम राहते. ही केवळ चवीची बाब नव्हे. कोमट अन्नात रोगजंतू झपाट्याने वाढतात, म्हणून अमेरिकेच्या अन्नविषयक नियमावलीप्रमाणे गरम पदार्थ ५७ अंश सेल्सिअसच्या खाली आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या वर जाऊ द्यावयाचे नसतात. वरची तिरपी काच शिंक-खोकल्यापासून अन्नाचे रक्षण करते. जॉनी गार्नो नावाच्या एका अमेरिकन उपाहारगृहवाल्याने अशा काचेच्या टेबलाच्या एकस्वासाठी १९५९ साली अर्ज केला होता.

आपल्या हाताने वाढून घेण्याची ही रीत मुळात चिनी नव्हे. 'बुफे' हा शब्द फ्रेंच आहे. स्वीडनमध्ये एका लांब टेबलावर नाना पदार्थ मांडण्याची जुनी चाल आहे. १९३९ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनात स्वीडनच्या दालनामुळे ती पुष्कळ अमेरिकनांस ठाऊक झाली. पुढे १९४० च्या दशकात लास व्हेगास शहरातील एल रँचो व्हेगास या हॉटेलाने ठरावीक दामात हवे तितके जेवण देण्यास आरंभ केला. जुगाराच्या टेबलापासून गिऱ्हाइकाने दूर जाऊ नये, हा त्यामागचा हेतू!

मग चिनी लोक या धंद्यात कसे आले? त्याची कथा स्वयंपाकघरात नव्हे, कायद्याच्या पुस्तकात सापडते. १८४९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची वार्ता पसरली, तेव्हा दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतातून हजारो माणसे तेथे गेली. अमेरिकेच्या पूर्व-पश्चिम भागांना जोडणारा पहिला लोहमार्ग १८६९ साली पुरा झाला. त्याच्या पश्चिमेकडील भागाचे डोंगर फोडण्याचे काम मुख्यतः चिनी मजुरांनी केले. त्याचे पारितोषिक काय मिळाले? १८८२ साली चिनी मजुरांस देशात येण्याची बंदी करणारा कायदा झाला. तो १९४३ पर्यंत टिकला आणि रद्द झाल्यावरही वर्षाला अवघ्या १०५ चिनी लोकांस प्रवेशाची मुभा मिळाली. बंदीच्या काळात व्यापाऱ्यांस मात्र सवलत होती. १९१५ साली न्यायालयाच्या एका निर्णयाने काही उपाहारगृहांच्या मालकांचीही गणना व्यापाऱ्यांत होऊ लागली; मग खाणावळ उघडणे हा आप्तांस कायदेशीरपणे आणण्याचा एक मार्गच ठरला. पुढे १९६५ च्या कायद्याने दार बरेच उघडले. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन चीनला गेले, तेथील मेजवान्यांची दृश्ये दूरचित्रवाणीवर झळकली आणि चिनी जेवणाविषयीचे कुतूहल वाढले.

१९८० नंतर फूजियान प्रांतातून पुष्कळ लोक आले. आमचे उपाहारगृहवाले गृहस्थ त्यांपैकीच. न्यूयॉर्कच्या चिनी वस्तीत नोकऱ्या मिळवून देणाऱ्या पेढ्या आहेत. तेथे नोकरीच्या गावाची ओळख नावाने नव्हे, दूरध्वनीच्या विभागीय क्रमांकाने पटवली जाई. इंग्रजी न येणारा मनुष्य त्या आकड्याच्या भरवशावर बसमध्ये बसे व रात्रभर प्रवास करून कधी न ऐकलेल्या गावी उतरे. हे गृहस्थही असेच आकड्याच्या मागे ओहायोत आले. वर्षानुवर्षे भांडी घासली, भाज्या चिरल्या, कढईपुढे उभे राहिले आणि पैसा साठवून हे दुकान घेतले. २०२० साली कोरोनाच्या साथीत त्यांना टेबले झाकून ठेवावी लागली. त्या काळात अशी कित्येक उपाहारगृहे कायमची बंद पडली. यांचे कसेबसे तगले.

तेथील पदार्थही त्यांच्यासारखेच प्रवासी आहेत. 'जनरल त्सो' या नावाची गोड-तिखट कोंबडी अमेरिकेत घरोघरी माहीत आहे. तिला ज्यांचे नाव दिले ते हुनान प्रांतातील सेनानी झुओ झोंगतांग १८८५ साली वारले. हा पदार्थ त्यांनी चाखणे शक्यच नव्हते. पेंग चांग-क्वेई या हुनानी बल्लवाने तो १९५० च्या दशकात तैवानमध्ये प्रथम बनवला, आणि अमेरिकेत आल्यावर त्यात साखर पडली. ब्रोकोली इटलीची. जेवणानंतर हाती येणारे, पोटात भविष्याची चिठ्ठी असलेले बिस्किट मूळचे जपानी. याला हसण्याचे आपणांस कारण नाही. आपल्याकडे गाड्या-गाड्यांवर मिळणारे 'मंचुरियन' मंचुरियात कोणी ओळखणार नाही. ते १९७५ च्या सुमारास मुंबईत नेल्सन वाँग यांनी प्रथम केले, असे सांगतात. परक्या गावी जाऊन तेथील लोकांच्या जिभेशी जुळवून घेणे याला फसवणूक म्हणू नये. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपल्या घरांतील वरणाची चव तरी मुळावर कुठे राहिली आहे?

पंधरा दिवसांनी आम्ही हट्टाने तेथेच पुन्हा गेलो. या खेपेस ताटली न घेता आधी सगळी टेबले या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून आलो. कोणत्या पदार्थात मासे वा मांसाचे सार आहे, हे विचारून घेतले. शाकाहारी माणसाने हे तेथे अवश्य विचारावे, कारण वरून भाजी दिसणाऱ्या पदार्थातही ते असू शकते. मग प्रत्येकी चमचाभर घेऊन चव पाहिली आणि जे आवडले तेवढेच पुन्हा आणले. गंमत अशी की, पहिल्या दिवसाहून अधिक पदार्थ खाऊन झाले आणि पानात काहीही उरले नाही. भाच्याने आमच्याकडे पाहून आपली ताटली निमूटपणे पुसून काढली. मुलगी ती उचलावयास आली तेव्हा म्हणाली, "आज आवडलेले दिसते." आम्ही तिच्या वहीतील एका उदाहरणाची चौकशी केली. वर्गसमीकरण होते, आणि तिने ते अचूक सोडवले होते.

विद्यार्थी मित्रहो, आता आपल्याकडेही लग्नाकार्यांतून पंगती मागे पडून बुफे आला आहे. तेथे आग्रह करणारा नसतो व 'पानात टाकू नकोस' म्हणून दटावणारी आजीही बहुधा दूर कोठे खुर्चीवर बसलेली असते. वाढणाऱ्याचे काम आपल्या हाती आले, तेव्हा त्याचे तारतम्यही आपल्याच हाती आले पाहिजे. दाम मोजले म्हणजे अन्न टाकण्याचा हक्क विकत घेतला, असे होत नाही. ताटली भरण्यापूर्वी एवढे आठवावे की, मुदपाकखान्यात पहाटेपासून उभा असलेला कोणी मनुष्य संध्याकाळी उष्ट्या ताटल्यांकडे पाहून स्वतःलाच विचारीत असेल : जेवण चांगले नव्हते का?