जुन्या स्पोर्ट्स कारच्या टायरमध्ये हवा किती असावी?

बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या प्रांगणात जानेवारी 2023 मध्ये ‘21 गन सॅल्यूट’ हे जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरले होते. अशा मोटारींची झळाळी डोळ्यांत भरते. मात्र रस्त्यावरील त्यांची सुरक्षितता टायरमधील हवेच्या दाबावर अवलंबून असते.

आजच्या मोटारींना साधारणतः 30 ते 35 पीएसआय दाब लागतो. पेट्रोल पंपावर सवयीने तेवढीच हवा जुन्या मोटारीतही भरली जाते. वजनाने हलक्या असलेल्या ‘एमजीबी’ या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला मात्र रेडियल टायरवर पुढे सुमारे 21 आणि मागे 24 पीएसआय पुरतात. हवा जास्त झाल्यास टायर मधोमध झिजतो व पकड सुटते. कमी झाल्यास कडा झिजतात आणि टायर तापून फुटण्याचा धोका वाढतो.

टायरवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. मोटारीची मूळ पुस्तिका प्रमाण मानावी. जुन्या क्रॉस-प्लायऐवजी रेडियल टायर बसवले असल्यास टायर उत्पादकाचा सल्ला घ्यावा. एकाच ॲक्सलवर दोन्ही प्रकार कधीही बसवू नयेत.

दाब सकाळी, मोटार चालवण्यापूर्वी मोजावा. तापमान दहा अंशांनी वाढल्यास दाब एक पीएसआयहून थोडा अधिक वाढतो. म्हणून प्रवासात तापलेल्या टायरमधील हवा काढू नये. टायर थंड झाल्यावर तीच कमी पडते.

टायरचे वयही तपासावे. त्यावरील ‘2318’ म्हणजे 2018 चा 23 वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर जुने होतेच, आणि त्यावर योग्य दाबाचाही उपाय चालत नाही.