जुनी गाडी, खरा हिशेब

घरात डेंटिंगचे काम असले की मुलांना काही गोष्टी शाळेच्या आधीच कळतात. कुणी जुनी फियाट विकत घ्यायला निघाला की अब्बांना सोबत नेई. अब्बांच्या खिशात एक लहानसे लोहचुंबक असे. दरवाजाच्या खालच्या कडेला, मडगार्डला ते चुंबक लावत. चिकटले तर आत पत्रा आहे, घसरले तर नुसती पुट्टी. वरून रंग कितीही चमकू दे, चुंबकाला फसवता येत नाही, असे ते म्हणत. आम्ही भावंडे हा खेळ शेजारच्या टॅक्स्यांवर खेळत असू.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी ती फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी, मूळची इटलीची. लहानपणी आम्हाला वाटे, इटलीची गाडी म्हणजे एवढीच. पुढे जुन्या गाड्यांविषयी वाचता-पाहता एक अशी इटालियन गाडी कळली, जिच्यापुढे अब्बांचे चुंबक बेकार ठरले असते. तिचे अंग लोखंडी पत्र्याचे नाही, ॲल्युमिनियमचे आहे. गाडीचे नाव मासेराती ३५०० जीटी. तिची दुरुस्ती समजून घेताना आमच्याच धंद्यातला एक जुना प्रश्न नव्याने समोर आला. जुनी वस्तू नवी करताना खरे काय उरते?

कर्जातून निघालेली गाडी

मासेराती बंधूंनी १९१४ मध्ये बोलोन्या शहरात काम सुरू केले. पुढे कंपनी ओर्सी घराण्याकडे गेली आणि मोदेना शहरात आली. १९५७ मध्ये फांजिओने मासेराती चालवून शर्यतीचे जागतिक विजेतेपद मिळवले. पण शर्यतीने नाव मिळाले तरी तिजोरी रिकामी झाली. पुढच्याच वर्षी कंपनीचा कारभार देखरेखीखाली गेला. कारखाना जगवायचा तर रस्त्यावर चालणारी, नियमित विकली जाणारी गाडी हवी होती.

ती गाडी १९५७ च्या जिनिव्हा प्रदर्शनात दाखवली गेली होती. जीटी म्हणजे ग्रान तुरिस्मो. दोन माणसे, त्यांचे सामान आणि लांबचा प्रवास, तोही वेगाने आणि आरामात. जुलिओ आल्फिएरी या इंजिनिअरने तिचे ३,४८५ सीसीचे सहा सिलिंडरचे इंजिन रचले. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे एकूण बारा. ताकद सुमारे २२० अश्वशक्ती. गिअरबॉक्स जर्मनीचा आणि मागचा ॲक्सल इंग्लंडचा घेतला, कारण सगळे स्वतः बनवण्याइतके पैसे नव्हते. १९६४ पर्यंत अशा दोन हजारांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या आणि कारखाना तरला. इराणच्या शाहला याहूनही जोरदार गाडी हवी होती. त्याच्या मागणीवरून १९५९ मध्ये मासेरातीची ५००० जीटी तयार झाली.

पत्र्याच्या आतले लोखंड

३५०० जीटीची बॉडी मिलानच्या तूरिंग या कारखान्यात बने. त्यांच्या पद्धतीचे नाव होते सुपरलेज्जेरा, म्हणजे अतिशय हलकी. आधी बारीक पोलादी नळ्या जोडून गाडीच्या आकाराचा सांगाडा करायचा. मग त्यावर हाताने ठोकून घडवलेले ॲल्युमिनियमचे पत्रे चढवायचे आणि त्यांच्या कडा नळ्यांभोवती दुमडायच्या.

गाडी हलकी झाली, पण दुखणेही त्याच जागी राहिले. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल शिरली की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया सुरू होते. ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी होते. आतले पोलादही ओलीने गंजते. बाहेरून दिसतो फक्त रंगाला आलेला एखादा फोड. साठ वर्षांनी तो फोड खरवडला की कधी कधी बोट आरपार जाते.

म्हणून चांगला कारागीर पहिल्याच दिवशी हातोडा उचलत नाही. आधी फोटो, मग चिठ्ठ्या. प्रत्येक स्क्रू वेगळ्या पिशवीत, वर जागा लिहिलेली. दुमडलेल्या कडा हळूच उघडून पत्रा सांगाड्यावरून सोडवायचा. सडलेल्या नळ्या कापून त्याच मापाच्या नव्या जोडायच्या. दोन धातूंच्या मध्ये पुन्हा ओल धरणार नाही असा थर द्यायचा.

ॲल्युमिनियमचे काम लोखंडासारखे नसते. लोखंड तापले की लाल होऊन इशारा देते. ॲल्युमिनियम तसा रंग बदलत नाही. सुमारे ६६० अंशांना ते वितळते आणि क्षणात भोक पडते. ठोकून ठोकून कडक झालेला पत्रा मऊ करायचा तर जुने कारागीर एक युक्ती करतात. गॅसच्या धुरकट ज्योतीने पत्र्यावर काजळी धरायची, मग स्वच्छ ज्योत फिरवायची. काजळी उडाली की समजायचे, पत्रा पुरेसा तापला, आता हात थांबवा.

आणखी एक अडचण. या गाड्या हाताने घडल्या, त्यामुळे एकीचा दरवाजा दुसरीला नीट बसत नाही. एकाच गाडीची डावी आणि उजवी बाजूही तंतोतंत सारखी नसते. हौशी कारागीर दोन्ही बाजू एकसारख्या करायला जातो. जाणकार तो फरक तसाच ठेवतो, कारण ती मिलानच्या कुणा डेंटरच्या हाताची सही असते.

कोणते खरे?

सगळ्यात मोठा पेच इंजिनजवळ येतो. सुरुवातीच्या गाड्यांना तीन वेबर कार्ब्युरेटर होते. १९६१ मध्ये ३५०० जीटीआय आली. तिच्यात लुकास कंपनीचे पेट्रोल इंजेक्शन होते. इटलीत रोज विकल्या जाणाऱ्या गाडीत असे प्रथमच घडत होते. पण ही यंत्रणा नाजूक होती आणि ती जाणणारे मिस्त्री थोडे. कितीतरी मालकांनी ती काढून वेबर बसवले आणि गाडी सुखाने चालवली.

आता अशी गाडी दुरुस्तीला आली तर काय करायचे? कारखान्यातून निघाली तेव्हा होते ते इंजेक्शन परत बसवायचे, की इतकी वर्षे जिने गाडी चालवली ती कार्ब्युरेटरची जोडणी ठेवायची? पहिल्यात मूळ रूप आहे, दुसऱ्यात गाडीने जगलेले आयुष्य आहे. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने २०१२ मध्ये 'तोरिनो सनद' मंजूर केली. जुन्या इमारती जपण्याच्या व्हेनिस सनदेचा आदर्श तिच्यापुढे होता. तिचा भर यावर आहे की जमेल तेवढे मूळचे राखावे, बदल कमीत कमी करावा आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी.

आमच्या मते शेवटचा मुद्दा सर्वांत मोलाचा. कार्ब्युरेटर ठेवा किंवा इंजेक्शन, पण काय काढले आणि काय घातले ते लिहून ठेवा. काढलेला पंप भंगारात देऊ नका, पेटीत घालून गाडीबरोबर ठेवा. पुढचा मालक त्याला हवे तसे ठरवील. अशा गाडीचे मोल आज कोटींत जाते, आणि पैसा आला की खोटेपणाही येतो. नवा पत्रा जुना म्हणून विकला जातो, इंजिनावरचा नंबर घासून दुसरा ठोकला जातो. अशा गाडीत फसतो तो फक्त खरेदीदार नव्हे. ज्याने मूळ पत्रा घडवला त्याची मेहनतही पुसली जाते.

तूरिंगचा तो कारखाना १९६० च्या दशकातच बंद पडला. तिथला हुन्नर आज थोड्या हातांत उरला आहे. आपल्याकडेही २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेली. आता अपघात झाला की पत्रा ठोकत नाहीत, नवा पार्ट मागवतात. डॉली आणि हातोडा धरणारे उस्ताद अजून आहेत, पण त्यांच्याजवळ बसून शिकणारी पोरे कमी झाली आहेत. ज्यांच्या घरात असा उस्ताद आहे, त्यांनी त्याच्याकडून निदान ऐकून तरी ठेवावे.

अब्बा गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देताना त्याला एकदा गाडीभोवती फिरवत. इथे पत्रा नवा, इथे मूळचा, या कोपऱ्यात पुट्टी, पावसाळ्याआधी पुन्हा दाखवा. आम्ही लहान होतो. आम्हाला वाटे, एवढा सुंदर रंग दिल्यावर आतले उणे कशाला दाखवायचे? काही जण ते ऐकून पैसे कमी करत. पण पावसाळ्याआधी गाडी घेऊन यायचे ते आमच्याच दारात.