कडधान्याची राखण

मंगळवेढें म्हटलें कीं संत दामाजीपंतांचें नांव ओठांवर येतें. दुष्काळांत त्यांनीं बेदरच्या बादशहाचीं कोठारें भुकेल्या रयतेस खुलीं केलीं, ही कथा महाराष्ट्रांत लहानथोरांस ठाऊक आहे. परंतु कोठार खुलें करावयाचें तर आंतील धान्य शाबूत असावें लागतें, ह्या साध्या गोष्टीकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. म्हणून तूर, हरभरा इत्यादि कडधान्यांच्या राखणीविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

येथील काळ्या जमिनीची कीर्ति ज्वारीमुळें झाली; इ. स. २०१६ सालीं ह्या ज्वारीस भौगोलिक मानांकनही मिळालें. तथापि भाकरीस जोड डाळीची लागते. दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याच्या घरीं तुरीचें एखादें पोतें म्हणजे वर्षाचें वरण, पुढील पेऱ्याचें बीं आणि अडीनडीची पुंजी होय. तेंच पोतें श्रावणांत उघडावें आणि आंत भोंकें पडलेले दाणे व भुकटी निघावी, यापरतें दुःख कोणतें? ह्या भयानेंच पुष्कळ शेतकरी सुगींत, भाव उतरलेले असतां, माल विकून मोकळे होतात. आणि पुढें तीच डाळ चढ्या भावानें विकत आणितात.

हा शत्रु म्हणजे कडधान्यांतील भुंगेरा. तो कोठींतच जन्मतो असा समज आहे. परंतु पुष्कळदां तो शेतांतूनच आपल्याबरोबर घरीं येतो. मादी तुरीच्या वाळत्या शेंगांवर अंडीं घालते, आणि घरांत तर सरळ दाण्यावरच चिकटविते. अळी दाणा पोखरून आंतच वाढते. महिन्याभरानें वाटोळें भोंक पाडून भुंगा बाहेर येतो. एक मादी शंभरेक अंडीं घालते. त्यांतील निम्मींच जगलीं व त्यांत निम्म्या माद्या निघाल्या, तरी दुसऱ्या पिढीस १२५० भुंगे होतात! म्हणजे भुंगा डोळ्यांस दिसेपर्यंत अर्धी लढाई आपण हरलेलीच असतों.

मग उपाय काय? धान्य दांताखालीं टक्कन फुटेपर्यंत वाळवावें. त्यानें बुरशी टळते, पण भुंगा केवळ तेवढ्यानें हटत नाहीं. खाण्याचें धान्य कडक उन्हांत काळ्या ताडपत्रीवर पातळ पसरून वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट झांकावें. दाण्याची उष्णता ६० अंशांवर पोहोंचून तासभर टिकली कीं आंतील अळ्याही मरतात. मग धान्य पुरतें निवूं द्यावें. थोडें धान्य असल्यास किलोस सुमारें ५ मिलिलिटर खाद्यतेल चोळावें. त्यानें अंडीं गुदमरतात. आपल्या आज्या तुरीस एरंडेल लावीत, त्यांतील मर्म हेंच. जुनीं पोतीं तशींच पुन्हां भरूं नयेत. तूर भरडून डाळ करून ठेविली तरीही उपद्रव पुष्कळ कमी होतो.

सर्वांत मोठा उपाय मात्र हवा बंद करण्याचा. पूर्वीं ज्वारी पेवांत भरून तोंड लिंपून टाकीत. आंतील प्राणवायु सरे आणि किडीचा जीव जाई. इ. स. १९८० नंतरच्या दशकांत आफ्रिकेंतील कॅमेरून देशीं चवळीसाठीं शास्त्रज्ञांनीं हेंच तत्त्व प्लास्टिकच्या पिशव्यांत आणिलें. घट्ट झांकणाचा, कांठोकांठ भरलेला पत्र्याचा डबाही तेंच काम करितो. मात्र तो वरचेवर उघडूं नये.

विद्यार्थी मित्रहो, एक प्रयोग करा. घरच्या तुरीची एक मूठ काचेच्या बरणींत घालून तोंडास फडकें बांधा, आणि महिनाभरानें भुंगे मोजा. निघालेच, तर वडिलांस ती बरणी दाखवा. आमच्या लेखापेक्षां ती अधिक बोलेल. पिकविलेला दाणा राखणें हेंही पिकविण्याइतकेंच पुण्याचें काम होय.