विश्वापेक्षा म्हातारा तारा

मागच्या लेखात आपण विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे कसे ठरते ते पाहिले. हा आकडा पाडायला एकच तारा पुरेल, फक्त तो त्याहून नक्की जुना निघाला पाहिजे. म्हणूनच जुन्यात जुन्या ताऱ्यांच्या शोधाला विक्रमांची हौस समजणे मला पटत नाही. ती विश्वशास्त्राची परीक्षा आहे, आणि डॉ. जयंत नारळीकरांनी ती आपणहून ओढवून घेतली होती.

१९९३ मध्ये फ्रेड हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी महास्फोटाला पर्याय मांडला. त्यात विश्वाला आरंभ नाही. ते एकंदरीत पसरत जाते, पण सुमारे ५० अब्ज वर्षांच्या आवर्तनांत आकुंचन-प्रसरणही पावते. तसे असेल तर मागच्या आवर्तनातले तारे आजही कुठेतरी असायला हवेत. ओळखायचे कसे? सूर्याच्या निम्म्या वस्तुमानाचा तारा इंधन इतके जपून जाळतो की फुगून लाल राक्षसी तारा व्हायला त्याला कित्येक दशअब्ज वर्षे लागतात. असा तारा आत्ताच फुगलेला दिसला, तर महास्फोटवाद्यांची पंचाईत. मात्र तो एकटा हवा. जोडीदाराने वस्तुमान ओढून घेतले असेल तर हलका तारा तरुणही असू शकतो.

यावर आक्षेप असा की ताऱ्याचे वय कोणी मोजत नाही, ते गणिताने काढतात, आणि गणित हव्या त्या उत्तराकडे वळवता येते. शंका अगदीच निराधार नाही. तूळ राशीतल्या एचडी १४०२८३ या ताऱ्याचे वय हबल दुर्बिणीच्या मोजमापांवरून २०१३ मध्ये १४.४६ अब्ज वर्षे निघाले आणि ‘विश्वापेक्षा जुना तारा’ अशा बातम्या झळकल्या. त्या आकड्याला ०.८ अब्ज वर्षे इकडे-तिकडे अशी मुभा होती, हे बातम्यांतून बहुधा गळाले. २०२१ च्या एका गणितात तेच वय १२ अब्जांच्या आसपास आले. ताऱ्यातला ऑक्सिजन किती, त्याचे अंतर किती, अंतर्भागाचे प्रारूप कोणते, यांवर उत्तर हलते. पण आकडा अब्ज-दोन अब्जांनी हलणे वेगळे आणि १३ चे ४० होणे वेगळे. शिवाय दुसरा, स्वतंत्र मार्गही आहे. २००१ मध्ये रॉजर कायरेल आणि सहकाऱ्यांनी सीएस ३१०८२-००१ या ताऱ्याच्या वर्णपटात युरेनियम ओळखले आणि किरणोत्सारी ऱ्हासावरून सुमारे १२.५ अब्ज वर्षे वय काढले. त्यातही तीन अब्जांची अनिश्चितता आहे, पण त्या हिशेबात विश्वाचे वय कुठेच गृहीत धरलेले नाही. नारळीकरांच्या प्रश्नाला एवढी ढोबळ पट्टी पुरते.

मग निकाल काय? मागच्या आवर्तनातले अतिवृद्ध श्वेतबटू, म्हणजे ताऱ्यांचे विझत चाललेले गाभे, फार मंद असतात, म्हणून दिसत नाहीत, ही पळवाट त्यांच्यापुरती मान्य करू. लाल राक्षसी तारे मात्र लांबूनही ठळक दिसतात आणि त्यांत ५० अब्ज वर्षांचा एकही निर्विवाद तारा आजवर हाती लागलेला नाही. पुरावा नारळीकरांच्या विरोधात गेला, असेच म्हणावे लागते. पण आपला सिद्धांत कशाने जिंकेल आणि कशाअभावी हरेल, हे आधीच सांगणारा शास्त्रज्ञ मला सावध बहुमतापेक्षा मोठा वाटतो.

एचडी १४०२८३ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण साध्या द्विनेत्रीला पुरतो. अर्जुनी मोरगाव परिसरातल्या वाचकांनी मे महिन्यात, चंद्र नसलेल्या मध्यरात्री, गावाच्या दिव्यांपासून दूर जाऊन दक्षिणेला क्षितिजापासून साधारण ५८ अंशांवर तो शोधावा. ताऱ्यांचा नकाशा सोबत असू द्या.